ऑटोमॅटिक घड्याळ घालण्यापूर्वी चावी द्यावी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहता, दिवसभराचे काम संगणकापुढे बसून असते आणि सहा महिन्यांपूर्वी घेतलेले ऑटोमॅटिक घड्याळ सोमवार ते शुक्रवार वापरून शनिवार-रविवार कपाटात ठेवता. सोमवारी सकाळी ते बंद असते. विकणाऱ्याने सांगितले होते की ऑटोमॅटिकला चावी द्यायची नसते, हातात घातले की ते आपोआप भरते. म्हणून आपण ते दोन-चार वेळा हलवता, वेळ लावता आणि हातात घालता. मंगळवारी पहाटे ते पुन्हा थांबलेले दिसते, आणि बुधवारनंतर मात्र शुक्रवारपर्यंत बिनतक्रार चालते. मित्र म्हणतो, रोज चाळीस फेरे द्या. या दोघांपैकी खरे कोणाचे, आणि घड्याळात काही दोष आहे का, असे आपण विचारले आहे.

महाद्वार रोडच्या परिसरात मी तीस वर्षांहून अधिक काळ घड्याळदुरुस्तीचे काम करतो आणि हीच तक्रार महिन्यातून दोन-तीन वेळा तरी माझ्या टेबलावर येते. आपण दिलेल्या वर्णनावरून घड्याळात दोष नसावा असे मला वाटते. मंगळवारी थांबणारे घड्याळ बुधवारनंतर सुरळीत चालते, ही गोष्ट त्याच्या बाजूने बोलते, कारण बिघडलेले मशीन वार पाहून सुधारत नाही. चावी द्यावी की देऊ नये, याआधी विचारायला हवे ते असे की, सोमवारी सकाळी आपण घड्याळ हातात घालता तेव्हा त्याची स्प्रिंग कितपत भरलेली असते, आणि संध्याकाळपर्यंत आपला हात तिच्यात किती भर घालतो. हा जमाखर्चाचा हिशेब एकदा समजला की उरलेली उत्तरे त्यातूनच मिळतात.

घड्याळाच्या आत एका चपट्या डबीत, जिला आम्ही बॅरल म्हणतो, धातूची लांब पट्टी, म्हणजेच स्प्रिंग, गुंडाळलेली असते. ती उलगडताना जो जोर देते त्यावर चाके फिरतात आणि बॅलन्स हे घड्याळाचा ठेका राखणारे चाक मागेपुढे डोलते. हाताने चावी देण्याच्या घड्याळात ही पट्टी फक्त क्राउनने, म्हणजे कडेच्या गोल बोंडाने, गुंडाळली जाते. ऑटोमॅटिकमध्ये तिच्या जोडीला अर्धचंद्राच्या आकाराचे एक वजन असते, ज्याला रोटर म्हणतात. मनगट हलले की रोटर फिरतो आणि बारीक दात्यांच्या चाकांमधून ती पट्टी थोडी थोडी गुंडाळत जातो. यातले ‘थोडी थोडी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रोटरने कित्येक फेरे मारावेत तेव्हा बॅरलची दांडी एक फेरा पूर्ण करते. घड्याळ ठेवून फिरवण्याच्या ज्या विजेवरच्या पेट्या मिळतात त्यांवर दिवसाला ६५० ते ८०० फेऱ्यांची शिफारस सर्रास आढळते, त्यावरून रोटरला किती कष्ट घ्यावे लागतात याची कल्पना येईल. क्राउनचे वीस-पंचवीस फेरे मिनिटभरात स्प्रिंगमध्ये जेवढे भरतात, तेवढे भरायला रोटरला अनेक तास लागतात.

आता आपला आठवडा मांडून पाहू. नेहमीच्या वापरातली बरीचशी मशीन पूर्ण भरल्यावर सुमारे ४० तास चालतात. स्विस ईटीए कंपनीचे २८२४-२ हे ३८ तासांचे, तर सेकोचे ४आर३६ हे ४१ तासांचे मशीन आहे. शुक्रवारी रात्री ८ वाजता आपण घड्याळ काढून ठेवले आणि त्या वेळी ते अगदी काठोकाठ भरलेले होते असे धरले, तरी ते रविवारी दुपारी थांबणार. सोमवारी सकाळी ९ वाजेपर्यंत ६१ तास उलटलेले असतात. म्हणजे ते बंद असणे हा त्याचा स्वभावधर्मच आहे. सोमवारी आपण ते हलवता, त्यासरशी काटे चालू लागतात, आणि इथेच गैरसमजाला जागा मिळते. काटे चालू झाले म्हणजे घड्याळ भरले असे होत नाही. स्प्रिंग अगदी अर्धा फेरा गुंडाळली गेली तरी बॅलन्स डोलू लागतो. मग दिवसभर आपला उजवा हात माऊसवर आणि घड्याळाचा डावा हात कळफलकाच्या कडेवर विसावलेला असतो. बोटे हलतात, पण मनगट जागचे हलत नाही, आणि रोटरला बोटांची हालचाल पोहोचत नाही. संध्याकाळपर्यंत जेमतेम आठ-दहा तासांची जमा होते, रात्री घड्याळ टेबलावर जाते आणि पहाटे ती संपते. मंगळवारी पुन्हा रिकाम्या स्प्रिंगपासूनच सुरुवात होते, पण येण्या-जाण्यात, दुचाकी चालवताना, बाजारात हात जास्त हलला की हळूहळू शिल्लक वाढते. बुधवारपर्यंत रात्र निभावून नेण्याइतका साठा होतो.

यात बरेच काही माणसावर अवलंबून असते, हे मी आधीच सांगून ठेवतो. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे येतात. त्यांच्या घड्याळाने गेल्या कित्येक वर्षांत क्राउनची चावी पाहिलेली नाही आणि त्याची त्यांना गरजही नाही, कारण त्यांचा हात दिवसभर चालतो आणि रविवारीही ते घड्याळ काढत नाहीत. याउलट एक निवृत्त शिक्षक दोन ठिकाणी सर्व्हिसिंग करून शेवटी माझ्याकडे आले होते, कारण घड्याळ रोज रात्री थांबत होते. मी ते उघडलेच नाही. क्राउनने पूर्ण चावी देऊन स्टँडवर ठेवले, आणि ते ३९ तास चालले. मशीन निरोगी होते. फरक त्यांच्या दिनक्रमात पडला होता, कारण निवृत्तीनंतर त्यांचा दिवस वाचनात जात होता आणि खडूने फळ्यावर लिहिणारा हात आता पुस्तक धरून स्थिर राहत होता. रोज सकाळी पंधरा फेरे द्या, एवढेच मी सांगितले, आणि पैसे घेतले नाहीत.

थांबलेले घड्याळ नुसते हलवून घालण्याबद्दल माझा आक्षेप थांबण्यापुरताच नाही. स्प्रिंग कमी भरलेली असताना बॅलन्सचा डोल लहान असतो. पूर्ण भरलेल्या आणि स्वच्छ मशीनमध्ये टायमिंग मशीनवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, हा डोल साधारण २७० ते ३०० अंशांच्या आसपास दिसतो. स्प्रिंग संपत आली की तो २०० च्या जवळ उतरतो. डोल उतरला की घड्याळाची चाल बदलते, आणि ते पालथे, उभे किंवा आडवे कसे आहे याचा परिणामही अधिक जाणवतो. ज्यांचे घड्याळ कधी दिवसाला पाच सेकंद पुढे तर कधी वीस सेकंद मागे जाते, त्यांपैकी अनेकांच्या घड्याळाला नियमनाची गरज नसते. ते अर्ध्या पोटाने चालत असते. सकाळी भरून घातलेल्या घड्याळाचा साठा वरच्या पातळीवर राहतो आणि मग रोटरचे काम फक्त खर्च भरून काढण्याचे उरते. त्या कामात तो पटाईत असतो. रिकाम्या बॅरलमध्ये पहिला साठा उभा करण्याचे काम मात्र त्याच्यावर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग विकणाऱ्याने तसे का सांगितले? त्याचा सल्ला हवेतून आलेला नाही. कित्येक ऑटोमॅटिक घड्याळांना क्राउनने चावी देण्याची सोयच नसते. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या जुन्या सेको ५ घड्याळांतले ७एस२६ हे मशीन तसेच आहे. त्याचा क्राउन आत असताना कितीही फिरवा, स्प्रिंगपर्यंत काही पोहोचत नाही. ज्याने वर्षानुवर्षे ती घड्याळे विकली, त्याच्या तोंडी ‘चावी द्यायची नसते’ हे वाक्य बसले तर नवल नाही. या विचाराचे मूळ आणखी मागे जाते. मनगटी ऑटोमॅटिकचे पहिले यशस्वी पेटंट १९२४ मध्ये जॉन हारवूड या इंग्रज घड्याळजीला मिळाले. क्राउनच्या छिद्रातून धूळ आणि ओल आत शिरते, हे दुरुस्ती करताना त्याच्या ध्यानात आले होते, म्हणून त्याने आपल्या घड्याळाला क्राउनच ठेवला नाही. काटे लावायचे ते काचेभोवतीचे कडे फिरवून. म्हणजे क्राउनला शक्यतो हात लावू नये, ही धारणा ऑटोमॅटिक घड्याळाच्या जन्माइतकीच जुनी आहे आणि तिच्यामागे खरे कारण होते. पुढे १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण वर्तुळात फिरणारा रोटर बाजारात आणला आणि आजच्या घड्याळांची घडण त्या वाटेने आली. आज बहुतेक मशीनमध्ये दोन्ही सोयी असतात. सेकोचे ४आर३६ व एनएच३५, जपानी मियोटा कंपनीची ८२१५ व ९०१५, ईटीएचे २८२४-२ या सर्वांना क्राउनने चावी देता येते.

आपले मशीन कोणते हे आपण लिहिलेले नाही, पण ते ओळखणे सोपे आहे. घड्याळ हातातून काढा. स्क्रूचा क्राउन आहे असे आपण म्हटले आहे, तर तो उलट दिशेने सोडवा, पण बाहेर ओढू नका. आता तो बारा वाजण्याच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. बोटांना बारीक प्रतिकार जाणवला आणि कानाशी धरल्यावर एकसारखी कर्रकर्र ऐकू आली, तर चावी बसते आहे. क्राउन पोकळ फिरला तर चावीची सोय नाही असे समजावे. अशा घड्याळाला भरण्यासाठी ते तबकडी वर ठेवून हातात धरावे आणि डावीकडून उजवीकडे झोके द्यावेत. अर्धे मिनिट झोके दिले की काटे चालू होतात, पण मी दोन-तीन मिनिटे द्यायला सांगतो. तापमापकातला पारा उतरवतात तसे झटके देऊ नयेत. त्याने रोटर जास्त फिरत नाही, फक्त त्याच्या बेअरिंगला धक्के बसतात.

मित्राच्या चाळीस फेऱ्यांकडे वळतो. जास्त चावी दिल्याने स्प्रिंग तुटेल, ही भीती ऑटोमॅटिकच्या बाबतीत निराधार आहे. हाताने चावी देण्याच्या घड्याळात पट्टीचे बाहेरचे टोक बॅरलला पक्के अडकवलेले असते आणि भरल्यावर क्राउन अडतो. ऑटोमॅटिकमध्ये ते टोक मोकळे ठेवून बॅरलच्या भिंतीला फक्त दाबून धरलेले असते. पट्टी पूर्ण ताणली गेली की टोक भिंतीवरून घसरते आणि जादा जोर सोडून देते. तसे नसते तर दिवसभर फिरणाऱ्या रोटरने रोजच काहीतरी मोडले असते. यामुळे ऑटोमॅटिकचा क्राउन कधी अडत नाही, आणि अडेपर्यंत फिरवण्याचा प्रयत्न करू नये.

या घसरण्याविषयी एक अनुभव सांगतो, कारण त्यातून पुष्कळ शिकलो. काम शिकत असताना मी एका घड्याळाच्या बॅरलच्या भिंतीला तिथला विशेष चिवट ग्रीस न लावता साधे तेल लावले. घड्याळ सुरेख चालले, डोलही उत्तम होता, पण पूर्ण चावी देऊनही २२ तासांत थांबू लागले. तेलामुळे पट्टी वेळेआधीच घसरत होती आणि वरचा निम्मा साठा कधी भरतच नव्हता. माझे गुरुजी काही बोलले नाहीत, बॅरल उघडून माझ्यापुढे ठेवली. आपले घड्याळ तीस फेऱ्यांनंतर स्थिर ठेवल्यावर ३० तासांच्या आतच थांबत असेल, तर दोष आपल्या हालचालीत नसून मशीनमध्ये शोधावा लागेल, आणि बॅरल ही त्यातली पहिली जागा असेल.

चावी देण्यात खरा धोका आहे तो स्प्रिंगला नाही. तो मधल्या चाकांना आहे, आणि याबद्दल फारसे बोलले जात नाही. रोटर ज्या चाकांमधून जोर पाठवतो त्यांत काही मशीनमध्ये दोन उलटणारी चाके असतात. रोटर कोणत्याही दिशेला फिरला तरी स्प्रिंग एकाच दिशेने भरावी, हे त्यांचे काम. आपण क्राउनने चावी देतो तेव्हा ही चाके रोटरला वेगळे ठेवतात, त्यामुळे रोटर स्थिर राहतो. पण त्यांतले तेल सुकले किंवा चिकट झाले की ती अडकतात, आणि क्राउनच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर रोटरही गरागरा फिरू लागतो. २८२४ जातीच्या मशीनमध्ये हे मी अनेकदा पाहिले आहे. त्या अवस्थेत बोटांनी दिलेला जोर अशा दात्यांवर येतो जे रोटरच्या हलक्या जोरासाठी बनवलेले असतात. एका ग्राहकाने सात-आठ वर्षे सर्व्हिसिंग न करता रोज सकाळी नेमाने चाळीस फेरे दिले होते. घड्याळ उघडले तेव्हा तेल करपलेले होते, दोन्ही उलटणारी चाके निकामी झाली होती आणि शेजारच्या चाकाचे दाते खाल्ले गेले होते. चाळीस फेऱ्यांनी ते घड्याळ मेले असे मी म्हणणार नाही. तेल संपल्यावरही दिलेल्या फेऱ्यांनी ते मेले.

आपल्या घड्याळाला मागून काच आहे, हे आपले भाग्य. महिन्यातून एकदा चावी देताना मागच्या बाजूने पाहा. रोटर शांत असेल तर निश्चिंत राहा. तो क्राउनबरोबर फिरत असेल, तर त्या क्षणी चावी देणे थांबवा आणि घड्याळ सर्व्हिसिंगला द्या. एक खुलासा करतो, मियोटा ८२१५ सारख्या मशीनमध्ये रोटर एकाच दिशेने चावी भरतो आणि दुसऱ्या दिशेने मोकळा भिरभिरतो. हात हलल्यावर येणारी ती भिरभिर दोषाची नसते.

चावी किती द्यावी, याचे माझे माप असे आहे. घड्याळ बंद पडलेले असेल तर पंचवीस ते तीस फेरे, चालू असेल आणि दिवस बैठ्या कामाचा असेल तर दहा-पंधरा. फेरा म्हणजे बोटांच्या दोन-तीन चिमटींनी पूर्ण होणारे एक वर्तुळ, एका चिमटीला फेरा मोजू नये. चावी नेहमी घड्याळ हातातून काढून द्यावी. हातात असताना क्राउन तिरका ओढला जातो आणि आतल्या बारीक दांडीवर, म्हणजे स्टेमवर, बाजूचा ताण येतो. मंद, एकसारख्या गतीने फिरवावे, कारण घाईने फिरवल्यास तीच उलटणारी चाके वेगाने धावतात.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी चावी, मग वेळ, मग घालणे. बंद घड्याळात तारीख लावताना काटे कोणत्या बाराजवळ आहेत, दुपारच्या की रात्रीच्या, हे समजत नाही. रात्री ९ ते पहाटे ३ या अवधीत तारखेचे चाक आतल्या दात्याला गुंतलेले असते आणि तेव्हा क्राउनने झटपट तारीख बदलली तर तो दाता मोडू शकतो. म्हणून काटे पुढे फिरवत सकाळी ६ च्या सुमारास आणावेत, कालची तारीख लावावी, मग काटे पुढे नेत आजची तारीख उमटू द्यावी आणि वेळ जुळवावी.

स्क्रूच्या क्राउनबद्दल कोल्हापूरकरांना थोडे आग्रहाने सांगावेसे वाटते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत जी ओल असते ती घड्याळाच्या दृष्टीने वाईट, आणि क्राउन सैल राहिला तर तिला दार उघडे मिळते. गेल्या पावसाळ्यात एकांनी सकाळी चावी दिली, क्राउन आवळायचे राहिले, आणि रंकाळ्यावर भर पावसात फेरी मारून आले. काचेच्या आत धुके आले, ते उन्हात ठेवल्यावर निघून गेले म्हणून त्यांनी दीड महिना दुर्लक्ष केले. उघडले तेव्हा स्टेम गंजून जागच्या जागी बसला होता. चावी कोरड्या हातांनी द्यावी, नंतर क्राउन आत दाबून आधी पाव फेरा उलट फिरवावा म्हणजे आटे नीट जुळतात, मग बारा वाजण्याच्या दिशेने आवळावा. बोटांना पुरे वाटले की थांबावे, पकडीचा जोर लावू नये, कारण आटे झिजतात ते जोरानेच. रोज उघडझाप करण्याने आटे आणि आतले रबरी वॉशर हळूहळू झिजतात, हेही खरे आहे. म्हणून आपल्यासारख्यांना मी रोज चावी द्यायला सांगत नाही.

आपल्यासाठी माझा सल्ला असा. सोमवारी सकाळी तीस फेरे द्या आणि घाला. मंगळवार ते शुक्रवार क्राउनला हात लावू नका, भरलेल्या स्प्रिंगवर आपली येण्या-जाण्याची हालचाल बहुधा पुरेल. एखाद्या आठवड्यात घरूनच काम असेल तर बुधवारी दहा-पंधरा फेरे घाला. सोमवारी तारीख लावण्याचा त्रास नको असेल, तर शनिवारी रात्री ९ वाजता पंचवीस फेरे द्या, ते सोमवारी दुपारपर्यंत चालते. शेवटच्या काही तासांत चाल जरा बिघडेल, म्हणून मी स्वतः हे काम रविवारी सकाळी चहा घेताना करतो. आणि शनिवार-रविवार ते बंद राहू दिले तरी काही बिघडत नाही. आजची तेले दोन दिवसांच्या विश्रांतीने घट्ट होत नाहीत. एकाच घड्याळासाठी फिरवणारी पेटी घेण्याचा खर्च मी आपल्याला सुचवणार नाही.

सुरुवातीला मात्र एक परीक्षा जरूर करा. एखाद्या शुक्रवारी रात्री तीस फेरे द्या, वेळ लिहून ठेवा, घड्याळ तबकडी वर करून ठेवा आणि ते कधी थांबते ते पाहा. ३८ तासांच्या पुढे गेले तर मशीनची चिंता सोडा. ३० च्या आत थांबले तर वॉरंटी चालू असतानाच, उघडू न देता, अधिकृत केंद्रात न्या, आणि ‘कधी कधी बंद पडते’ असे सांगण्याऐवजी किती फेऱ्यांनंतर किती तास चालले हा आकडा कागदावर लिहून द्या. माझ्या टेबलावर असा कागद आला की रोटरकडे पाहायचे की बॅरलकडे, हे घड्याळ उघडण्यापूर्वीच मला कळते.